खाली दाबलं की वर

सात वर्षं येर्को माझ्या वाऱ्यालाही उभा राहिला नाही.
पुन्ता अरेनासमध्ये हे जमवणं सोपं नाही.
इथं वारा एकच, सामुद्रधुनीवरून येतो
आणि गावातली सगळी दारं एकाच बाजूला ढकलतो.

जूनमध्ये त्याच्या सुबारूची काच पडली.
फुटली नाही. दाराच्या पोटात उतरली
आणि वर यायचं नाव घेईना.
बटण दाबलं की आतून टक्. पुन्हा टक्.
घरात माणूस असून कडी न काढल्यासारखं.
तीन दिवस त्यानं कचऱ्याची काळी पिशवी चिकटवून
गाडी चालवली. चौथ्या दिवशी पिशवी
बेटाच्या दिशेनं निघून गेली.

फोन वहिनीचा.
"सीटवर बर्फ साचतोय, निबाल्दो.
काच धरायला दुसरा माणूस लागतो,
आणि माझा खांदा तुला माहीत आहे."
त्याला विचारलंस का, हे मी विचारलं नाही.

शेडमध्ये तो 'ये' म्हणाला नाही.
दिवा थोडा सरकवला, एवढंच;
उजेड दोघांपुरता झाला.

आरशामागचा एक स्क्रू, मुठीच्या खोबणीतले दोन,
मग खालच्या कडेनं पट्टी सारत सारत.
थंडीत प्लास्टिकचा पापड होतो:
अकरातल्या चार क्लिपा तुटल्या.
प्रत्येक तुटल्यावर तो माझ्याकडे बघायचा,
जणू मीच तोडली.
"दहाचा," तो म्हणाला.
सात वर्षांतला पहिला शब्द.
मी दहाचा पाना दिला.

दाराच्या तळाशी काहीतरी सापडेल असं वाटलं होतं,
बाबांचं काही, खेकडे मोजायची ती पितळी पट्टी वगैरे.
वाळू होती.
आणि पेनाचं एक टोपण.

मोटर रिओ सेकोच्या भंगारातली, उजव्या दाराची.
डावी ओयार्सूनकडे नव्हती.
"बहिणी-बहिणीच आहेत," म्हणाला म्हणे,
आणि पैसे पूर्ण घेतले.

मग मी काच उचलली.
दोन तळव्यांत, गार, दिसते त्याहून जड.
मी बाहेरून, तो आतून,
मधे काच, पलीकडे बाबांचं नाक.
"थोडी वर."
"अजून."
"सोडू नकोस."
हे तो काचेबद्दल म्हणाला, मला कळत होतं.
माझ्या श्वासानं काच धुरकटली, तो पुसट झाला.
त्यानं बाहीनं पुसली त्याच्या बाजूनं,
पुन्हा पुसली.
वाफ माझ्या बाजूला होती
आणि माझे दोन्ही हात अडकलेले.

बोट मी विकली होती.
किंमत चांगली आली, हे मी तेव्हापासून
न विचारणाऱ्यांनाही सांगत आलोय.

बोल्ट बसले, पडदा पुन्हा काळ्या डिंकावर दाबला,
उरलेल्या सात क्लिपा मुठीनं ठोकल्या.
पॅनल लावायच्या आधी एकदा बटण दाबून बघतात.
मी सांगणार होतो.
पण आधी बोलायचं कुणी.

वर दाबलं. काच खाली गेली.
खाली दाबलं. वर आली.
आम्ही दोघंही तिच्याकडे बघत राहिलो.
"तारा उलट्या केल्या की झालं," मी म्हणालो,
"पाच मिनिटं."
त्यानं निळी पडलेली बोटं काखेत घातली.
"राहू दे. कळलंय आता मला."

तो गाडीत बसला, इंजिन गरम करत.
मी निघालो तर काचेआडून काहीतरी म्हणाला.
ऐकू आलं नाही. मी कानाला हात लावला.
त्यानं सवयीनं खाली दाबलं,
मोटर कण्हली, काच जागची हलली नाही,
मग आठवलं त्याला;
चार बोटं फट झाली.

"कुणी घेतली होती?"
"पोर्वेनीरचा एक आहे."
"रंग बदलला का त्यानं?"
"नाही. परवा बघितली धक्क्यावर. तसाच आहे."

त्यानं मान हलवली,
खाली दाबलं,
आणि काच वर गेली.